मोंबासाहून परत आलेला डबा

पुण्याला सुट्टीवर गेलो की आत्याचा पहिला प्रश्न ठरलेला, "काय रे, आफ्रिकेत सिंह दिसतात का?" अकरा वर्षं झाली मी बहारीनमध्ये राहून आफ्रिकेच्या खेपा मारतोय, आणि एवढ्या काळात मला तिथे दिसलेत ते फक्त कॉम्प्रेसर. बंदरावरच्या कोल्ड स्टोरेजमधले, मासळी गोठवणारे, गळके, खोकणारे, आणि मी पोचलो की हटकून नीट चालायला लागणारे. आम्ही पिढीजात शाकाहारी. आमच्या अख्ख्या घराण्यात मिळून कुणी बघितले नसतील एवढे मासे मी एकट्याने, उणे अठरा डिग्रीत, कानटोपी घालून बघितलेत. हे आत्याला कुठे सांगत बसता? मी म्हणतो, "दिसला होता गं एकदा, लांबून." तिला बरं वाटतं. समोरच्याला बरं वाटेल असं काहीतरी बोलून मोकळं व्हायचं ही माझी जुनी खोड, आणि पुढची सगळी हकिगत त्या खोडीचीच आहे.

आमचं कॉम्प्रेसर दुरुस्तीचं वर्कशॉप बहारीनमध्ये मआमीरला. तिथल्या मॅनेजरच्या लेखी आफ्रिका हे एक गाव आहे. "तुला आफ्रिकेला जायचंय," असं तो म्हणतो, आणि कुठे म्हणून विचारलं की कागद चाळायला लागतो. त्यातही तो 'इंशाल्ला' म्हणाला तर महिनाभर बिनघोर झोपायचं. 'यल्ला' म्हणाला तर विमान उद्याचं. त्यामुळे माझी बॅग कायम दाराशी भरलेली असते. त्या बॅगेला ठेचकाळून ठेचकाळून बायकोची करंगळी कामातून गेलीय, असं तिचं म्हणणं आहे.

घर नईमला, एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट आहे, पण बहुतेक दिवस 'लिफ्ट मफी', म्हणजे नाही. तळमजल्यावर खाला राहतात, म्हणजे मावशी, सगळ्या इमारतीच्या. खाला मूळच्या रत्नागिरीकडच्या, साठीच्या, नवरा वारलेला, मुलगा मुहर्रकला विमानतळावर शिफ्टमध्ये. त्यांच्या दारावरून चपलांचा आवाज न करता कुणी वर गेलेलं मी पाहिलेलं नाही, आणि आवाज केला की हाक आलीच. इमारतीतले सगळे डबे त्यांच्या घरून निघतात आणि त्यांच्याच घरी परत जातात. आणि आपल्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत, हे काय मी सांगायला पाहिजे? काही नसलं तरी चिमूटभर साखर टाकायची. आमची ही तर घाईत त्यात दोन बिस्किटं टाकते, पण टाकते. रिकामा डबा परत करणं म्हणजे संबंध संपला, असं तोंडाने न बोलता सांगणं.

मी मोंबासाला जातो हे कळलं त्या दिवशी खालांनी मला जिन्यातच धरलं. "मोंबासा? रे पुणेकरा, आणि तू आता सांगतंस? माझी थोरली बहीण हाय तिकडं!"

मग त्यांनी मला आत बसवून सगळं सांगितलं. थोरली लग्न करून मोंबासाला गेली. पहिली दोन मुलं पोटातच गेली. तिसऱ्यांदा दिवस राहिले होते तेव्हा इकडे रत्नागिरीला आई वारली. आईजवळ होत्या त्या खाला, तेव्हा पंचविशीच्या. थोरलीला कळवलं तर तिसरंही जाईल, या भीतीने त्यांनी कळवलंच नाही. नुसतं कळवलं नाही एवढंच असतं तरी एक वेळ चाललं असतं. खाला दर महिन्याला पत्र लिहीत राहिल्या, 'आई बरी हाय, तुझी आठवण काढते.' चार महिने लिहिलं. मग मोंबासातल्या कुठल्याशा लग्नात गावाकडून आलेल्या पाहुणीने थोरलीपाशी आईचा दुखवटा व्यक्त केला, भर मांडवात. मूल वाचलं, सुखरूप झालं. बहीण मात्र गेली.

"पस्तीस वर्षं झाली, बोलली नाय माझ्याशी," खाला म्हणाल्या. "माझा आवाज ऐकला की फोन ठेवते. अरे, तिच्या भल्यासाठीच केलं ना मी? एवढं कळत नाय तिला? मरायच्या आधी एकदा तरी बोलली पाहिजे रे. ती सत्तरीला आली, मी काय आता पोरगी नाय."

आणि त्यांनी माझ्या हातात एक स्टीलचा डबा दिला. मी आधीच बजावलं, "मासे असतील तर नेणार नाही हं." "तुला खायला देतंय काय? बॅगेला सांग नाक दाबायला," त्या म्हणाल्या. पण आत निघाल्या ओल्या नारळाच्या वड्या. थोरलीला त्या फार आवडायच्या, म्हणे.

मोंबासाच्या जुन्या वस्तीत अरुंद गल्ल्या आहेत आणि दारांबाहेर बसायला दगडी ओटे. ओट्यांवरची सगळी माणसं मला 'करिबू, करिबू' करत होती, या म्हणून. थोरल्यांनी मात्र या म्हटलं नाही. उंच बाई, सुती खांगा अंगाभोवती घट्ट, चेहरा थेट खालांचा, फक्त त्यातलं हसू काढून घेतलेलं. मी सांगितलं बहारीनहून आलोय, धाकट्या बहिणीने पाठवलंय. त्यांनी डबा घेतला. अन्न नाकारत नाहीत, एवढं घराण्याचं वळण शिल्लक होतं. दार लोटलं. दहा मिनिटांनी दार उघडलं आणि डबा माझ्या हातात आला. घासलेला, पुसलेला, कोरडा ठणठणीत. झाकण उघडून दाखवला की हो मला! काही राहिलं नाही ना, बघून घे म्हणून.

मी काय समजायचं ते समजलो. परतीच्या वाटेवर विमान बदलायचं होतं तिथे तपासणीवाल्याने बॅगेतून डबा काढला. "यात काय आहे?" म्हटलं, काही नाही. "मग नेताय कशाला?" आता त्याला काय सांगणार, कप्पाळ? दोन समुद्रांवरून मी एका म्हातारीचा राग पोचवतोय, म्हणून? त्याने डबा तीनदा यंत्रातून फिरवला. रिकामा डबा एवढ्या लांबून कुणी परत आणतं, यावर त्याचा विश्वासच बसेना.

विमानात मला डोळ्यांसमोर खाला दिसायला लागल्या. दाराशी उभ्या, झाकण काढतायत.  बॅगेत लेकीसाठी घेतलेली मबुयूची पुडी होती. मबुयू म्हणजे गोरखचिंचेच्या बिया, साखरेत घोळवून लालभडक रंगवलेल्या. तिकडची पोरं शाळा सुटली की चघळत असतात. मी पुडी फोडली आणि डब्यात ओतली. एवढंच केलं. देवाशप्पथ, त्या वेळी मला ते फार चांगलं काम वाटलं.

खालांनी झाकण काढलं आणि मटकन खुर्चीत बसल्या. "भरून पाठवला," म्हणाल्या. "आपानं डबा भरून पाठवला!" आपा म्हणजे थोरली. मग त्यांनी इमारतीतल्या प्रत्येक घरी चार-चार मबुयू वाटले. दोन दिवस आमच्या जिन्यात सगळ्यांच्या जिभा लाल होत्या. लेकीला मी खरं सांगून बसलो, कारण तिची पुडी गेली होती. ती म्हणाली, "बाबा, दॅट्स लायिंग." म्हटलं, मराठीत बोल. मराठीत तिला तेवढं कडक बोलता येत नाही, हे मला माहीत होतं.

पुढच्या खेपेला पुन्हा वड्या गेल्या, पुन्हा रिकामा डबा आला, पुन्हा मी भरला, या वेळी काजूने. तिसऱ्या खेपेला कामाच्या गडबडीत मोंबासाला काही घ्यायचं राहूनच गेलं. मग विमानतळावरून घरी येताना बहारीनमधल्याच मनामाच्या बाजारात टॅक्सी थांबवून काजू घेतले आणि मागच्या सीटवर डबा भरला. खाला एक काजू तोंडात टाकून म्हणाल्या, "तिकडच्या काजूची चवच वेगळी. इकडं मिळतात का असे?" मी म्हटलं, छे, नाव नको.

बायको म्हणाली, "हे अंगाशी येणार आहे." मी म्हटलं, अगं, म्हातारी खूश आहे, कुणाचं काय बिघडतंय? ती म्हणाली, "तुम्हाला कुणाचं काय बिघडलं ते कॉम्प्रेसर सोडून कशातच कळत नाही."

आलंच अंगाशी. एके दिवशी खालांनी मला आत बोलावलं. पलंगावर नवीन शिवलेला ड्रेस, उघडी बॅग, पासपोर्ट. "आपाचा राग गेलाय," त्या म्हणाल्या. "तीन डबे भरून आले. आता मी काय फोन करत बसत नाय. तू जाशील तेव्हा मी तुझ्यासंगं येतंय. दारातच जाऊन उभी राहतंय. बघू कशी बोलत नाय!"

 त्याच क्षणी सांगायला हवं होतं. त्याऐवजी मी काय बोललो असेन? म्हटलं, "खाला, आफ्रिकेला असं जाता येत नाही. यलो फीवरची सुई टोचून घ्यावी लागते. त्याचं पिवळं कार्ड लागतं. तुमच्या वयाला झेपणार नाही ती." खालांना सुईची भीती आहे, रक्त तपासायला जायचं म्हटलं तरी चार दिवस टाळतात, हे मला ठाऊक होतं. वर मॅनेजर अजून 'इंशाल्ला'च म्हणतोय, असंही सांगितलं. झालं, विषय खलास, असं समजून मी जिना चढलो.

दुसऱ्या दिवशी खाला मुलाला सुट्टी घ्यायला लावून सुई टोचून घेऊन आल्या. वयामुळे डॉक्टर नको म्हणत होता, तर त्याच्याशी भांडून. संध्याकाळी ताप भरला. शुक्रवारी दुपारी जेवणं आटोपून बायको खाली बघायला गेली आणि वर येऊन माझ्यासमोर उभी राहिली. "अंग भाजतंय त्यांचं. उशाशी ते पिवळं कार्ड ठेवून पडल्यायत. तुम्ही आत्ताच्या आत्ता खाली जा." मला माझी शरम वाटली. एवढी कधीच वाटली नव्हती. कुठल्या तोंडाने जाणार होतो? पण गेलो.

सगळं सांगितलं. मबुयू, काजू, मनामाचा बाजार, सुई. खाला छताकडे बघत ऐकत होत्या. संपल्यावर त्यांनी विचारलं, "वड्या तरी पोचवल्यास का?"

"पोचवल्या. तिन्ही वेळा."

"आणि तिन्ही वेळा रिकामा?"

"रिकामा. धुऊन."

त्या उठून बसल्या. तापातही आवाज खणखणीत होता. "तू कोण रे मला लहान पोर समजणारा? मी सगळ्या बिल्डिंगीला वाटले ते! आपानं पाठवलं म्हणून सांगितलं! हसं केलंस माझं!"

"खाला, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून केलं हो. तुमच्या भल्यासाठीच..."

माझं वाक्य अर्धंच राहिलं, कारण खालांचा चेहरा एकदम बदलला. राग गेला नव्हता, पण तो आता माझ्यावर नव्हता.  मग भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या आणि म्हणाल्या, "जा तू वर."

तीन आठवडे दारावरून जाताना मी मुद्दाम चपला वाजवत गेलो. हाक आली नाही. ताप उतरला होता, मुलगा सांगत होता, पण आमच्या घरी डबा आला नाही. बायकोने त्यांना शिरा पाठवला. तो डबा त्यांनी मुलाच्या हाती परत पाठवला, चिमूटभर साखर घालून. साखर होती, एवढ्यावर मी दिवस काढले.

मग मॅनेजर 'यल्ला' म्हणाला. सकाळी मी बॅगेची चेन ओढत होतो तेव्हा बेल वाजली. दारात खाला. लिफ्ट बंद होती. गुडघे दुखतात म्हणून आमच्या घरी कधी न आलेली बाई तीन जिने चढून धापा टाकत उभी होती. बायकोने पाणी दिलं, ते प्यायल्या, पण बसल्या नाहीत.

"मी काय येत नाय," त्या म्हणाल्या. "आणि डबा पण देत नाय. तिला एवढंच सांग, मी चुकले. तुझ्या भल्यासाठी केलं, असं काय पण म्हणू नको. पस्तीस वर्षं मी तेच म्हणतंय, वड्या पाठवून पण तेच म्हणत होते. मला तीन डब्यांत एवढं झोंबलं. तिला तर मी आईचं खोटं लिहीत होते." मग माझ्यापुढे बोट नाचवून म्हणाल्या, "आणि ती काय बोलेल ते जसंच्या तसं घेऊन ये. शिवी दिली तर शिवीच आण. त्यात तुझी साखर घालू नको."

मोंबासाला मी कोल्ड स्टोरेजला न जाता आधी त्या गल्लीत गेलो. थोरल्यांनी दार उघडलं, माझ्या हातांकडे बघितलं. "डबा?"

"आज नाही," मी म्हटलं. "निरोप आहे." आणि उंबऱ्याबाहेर उभ्याउभ्याच सांगितला. खालांचे शब्द सांगितले, पुढे एकही जोडला नाही. ते फार जड गेलं मला. तिथे चार गोड शब्द घुसवायला जीभ नुसती वळवळत होती. मग माझी करणीही सांगून टाकली, डबे भरल्याची. शिव्या खायची तयारी ठेवली होती.

"मबुयू?" थोरल्या म्हणाल्या. "ते तर पोरं खातात." आणि दारातून बाजूला झाल्या.

मी आत गेलो. त्यांनी खुर्चीकडे बोट दाखवलं, स्वतः समोर बसल्या.  मग म्हणाल्या, "फोन हाय ना तुझ्याजवळ? लाव तिला."

मी फोन लावून स्पीकर सुरू केला आणि दोघींच्या मध्ये धरून बसलो. दोघींच्या मध्ये म्हणजे, समोर एकट्या थोरल्या, खाला तर तिकडे नईमला. "पोचलास का रे?" खालांचा आवाज आला.

थोरल्यांनी सलाम केला नाही की कशी आहेस विचारलं नाही. "आई कुठल्या वेळेला गेली?" त्यांनी विचारलं.

 मी फोन त्यांच्या आणखी जवळ सरकवला.

"अस्रची बांग व्हायची होती, ऊन कललं होतं," खाला म्हणाल्या.

"जवळ कोण होतं?"

"मीच. बाकीचे पुढच्या अंगणात होते."

"काय मागितलं तिनं? काय खाल्लं?"

"पेज मागितली. दोन घोट घेतले. मग नको म्हणाली." खाला थांबल्या नाहीत. "तुला विचारत होती. थोरली आली का, थोरली आली का, सारखी तेच. आपा, मी तिला पण खोटंच सांगितलं."

"काय सांगितलंस?"

"आली म्हटलं. आताच उतरली, मागल्या दारी पाय धुतेय."

थोरल्या पुढे वाकल्या. "मग?"

"मग ती म्हणाली, गार पाण्यानं नको, गरम पाणी दे तिला. पोटुशी हाय. आणि डोळे मिटले."

मी फोनकडे बघत राहिलो, दुसरीकडे बघवेना. थोरल्यांनी खांग्याचा पदर तोंडाशी धरला होता आणि खांदे हलत होते, आवाज मात्र नव्हता. तिकडून खाला "आपा? आपा, हायस ना?" म्हणून विचारत होत्या. शेवटी थोरल्यांनी पदर खाली केला.

"बरं केलंस," त्या म्हणाल्या. आणि मग त्यांनी धाकटीला लहानपणीच्या, घरातल्या नावाने हाक मारली. ते नाव मी इथे लिहीत नाही. तो काही माझ्याकडे दिलेला निरोप नव्हता.